मास्तरांच्या सॅक्सोफोनची चोच

माझा धंदा माईकचा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत लग्न असो, सत्कार असो किंवा दहाव्याचा विधी असो, माईकमागे उभा राहून हातवारे करणारा जो गोलमटोल इसम तुम्हाला दिसतो, तो बहुधा मीच असतो. लग्नात लोकांना हसवायचं, दहाव्याला त्यांचे डोळे ओले करायचे आणि दोन्हीकडे पोटभर जेवून घरी यायचं, असं माझं सुखाचं चाललेलं आहे. इतक्या वर्षांत माईकसमोर माझी बोबडी एकदाच वळली. तीही माझ्या सख्ख्या मामांच्या दहाव्याला, आणि एका सॅक्सोफोनपायी.

मोठे जॅझवाले वारले की त्यांच्या वाद्यांचं काय होतं, हे मला पुण्याच्या एका साहेबांनी सांगितलं होतं. कुणाचं संग्रहालयात काचेमागे जातं. कुणाचं लिलावात निघतं आणि ज्याला सा की रे कळत नाही अशा माणसाच्या दिवाणखान्यात लटकतं. कुणाचं शिष्याला मिळतं. कुणी मरायच्या आधीच ते गहाण टाकलेलं असतं. आणि एखाद्याचं तर त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवून पुरतात. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "साहेब, एक जागा राहिली."

"कुठली?"

"नवरदेवाच्या घोडीपुढची!"

कारण आमच्या मामांचा सॅक्सोफोन नेमका तिथे पोचला होता. मामा बावड्याचे, बँडमधले. तरुणपणी पोटासाठी मुंबईला गेले आणि तिथे एका नामांकित जॅझवाल्याच्या शेजारी राहिले. हा माणूस मोठमोठ्या हॉटेलांत वाजवायचा, बोटींवरून परदेशी जाऊन वाजवून यायचा. त्याचं नाव ऐकून त्या काळी लोक टेबलं राखून ठेवत म्हणे. घरी मात्र तो बनियन घालून खिडकीत बसायचा आणि मामांना शिकवायचा. तो गेल्यावर त्याच्या बायकोने तो सॅक्सोफोन पेटीसकट मामांच्या हातात दिला आणि सांगितलं, "याला कपाटात ठेवू नकोस. घुसमटेल."

मामांनी हा शब्द इतका पाळला की काय सांगू! विलायती पाहुण्यांपुढे झुललेलं ते वाद्य त्यांनी उसाच्या रस्त्यांवर आणलं. लोणी भापकरच्या वरातीत, इंदापूरच्या मिरवणुकीत, ट्रॉलीवर जनरेटर धडधडत असताना मामा वाजवत. गाणं नेहमीचंच असे, पण मध्येच मामा वाट सोडत. म्हणजे बाकीचा बँड सरळ रस्त्याने चाललेला असे आणि मामा बांधावरून, पाटावरून, कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेतून फिरून बरोबर चौकात पुन्हा बँडला येऊन मिळत. नवखे ढोलवाले घाबरून थांबायचे. घोडी मात्र कधी थांबली नाही. तिला ठाऊक असायचं की मास्तर येणार. गावात सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

त्या सॅक्सोफोनला तोंडाशी एक काळी चोच होती. माउथपीस म्हणतात तिला. वेताची पातळ पत्ती तिच्यावर बसवायची, ओली करायची आणि फुंकायचं. ही चोच त्या मुंबईच्या वादकाची स्वतःची. बँडमधला एक कडक कायदा मी लहानपणापासून पाहिलेला आहे: दुसऱ्याच्या तोंडचं वाद्य तोंडाला लावायचं नाही. उष्टं ते उष्टं. एका ताटात जेवणारे दोन भाऊसुद्धा एकमेकांचं क्लॅरिनेट फुंकत नाहीत.

आता इथे माझी मामेबहीण येते. ती माझ्याहून मोठी, म्हणून ताई. मामांनी तिला घरच्या घरी क्लॅरिनेट शिकवलं, चांगलं तयार केलं, आणि मग काटेवाडीला लग्न करून दिलं, कारण बँडमध्ये पोरगी कोण घेणार? ताई आता पन्नाशीला आली आहे. भाजीपाला आहे, चार गाई आहेत. तिचं क्लॅरिनेट गोठ्यात खुंटीला असतं आणि दुपारी ती गाईंना वाजवून दाखवते. पण तिचा सगळा जीव त्या सॅक्सोफोनवर. माहेरी आली की पहिला प्रश्न तोच.

"आबा, एकदा द्या की."

"उष्टं हाय, बाय."

"मग तुमी कसं त्या मुंबईवाल्याचं तोंडाला लावलं?"

"गुरूचं उष्टं हा परसाद असतो."

"आन बापाचं?"

 यावर मामा मिशीतल्या मिशीत हसत आणि पेटी बंद करत. वर्षानुवर्षं हा खटला असाच तहकूब होत राहिला.

पुण्याचे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा मामा ठणठणीत होते. साहेब पिकल्या केसांचे, गळ्यात रेशमी रुमाल. आपल्या बंगल्यात ते मुंबईच्या जुन्या जॅझवाल्यांचं संग्रहालय उभं करत होते आणि या सॅक्सोफोनच्या मागावर कित्येक वर्षं फिरत होते. मीच त्यांना बावड्याला घेऊन गेलो. पेटी उघडताच साहेबांचे डोळे भरले. खोटं कशाला बोलू, माझ्या दहाव्याच्या भाषणालाही कुणी इतकं खरं रडलेलं नाही.

"हे कुणाचं आहे ठाऊक आहे ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"न्हाय कसं? माझं हाय," मामा म्हणाले.

"तसं नव्हे. मूळ कुणाचं?"

"मूळ म्हणाल तर विलायतेतल्या कुण्या लोहाराचं."

साहेबांनी चिकाटी सोडली नाही. काचेत ठेवू, थंड हवेत ठेवू, कुणाला हातसुद्धा लावू देणार नाही, असं त्यांनी वचन दिलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुणी हातच लावायचा न्हाय, तर मग ठेवायचं कशाला? शिक्षा म्हणून?"

शेवटी साहेबांनी फारच गळ घातली तेव्हा मामा म्हणाले, "मी मेल्यावर बघा."

आता हे मामांचं ठेवणीतलं वाक्य होतं. शेजारी बांध सरकवायला मागायचा, त्यालाही हेच. मी त्यांचं मनगटी घड्याळ मागितलं होतं, मलाही हेच. पण साहेब सभ्य माणूस. त्यांनी तो शब्द मानला आणि निमूट परत गेले.

गेल्या वर्षी मामा गेले. दुपारी जेवून पान लावता लावता. त्या गर्दीत ताई माझ्याजवळ आली आणि रडत रडत एवढंच म्हणाली, "आबाचं वाद्य जाऊ देऊ नकोस रे."

मी म्हणालो, "माझ्यावर सोड." मी हे वाक्य फार छान म्हणतो. पण सगळी सूत्रं होती दाजींच्या हातात.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. मामांना मुलगा नव्हता, त्यामुळे क्रियाकर्म जावईच करत होते. दाजी हा रीतीचा माणूस. दुधाचा कॅन ठेवताना त्याचं तोंड पूर्वेला हवं असा त्यांचा आग्रह. साहेब भेटायला आले, डोळे पुसत म्हणाले की मास्तरांनी मला शब्द दिला होता, आणि दाजी विरघळले. "आबांचा शब्द तो आमचा शब्द. दहाव्याला या आन घेऊन जा." ताई दारात उभी होती.  आत गेली आणि भांडी अशी आपटली की साहेबांनी चहा अर्धा टाकला.

"शब्द गेलाय आता," दाजी मला म्हणाले.

"आणि ताईचं काय?"

"तिला काय, क्लॅरिनेट हाय की!"

आणि आता दाजींचा खरा पराक्रम सांगतो. तिसऱ्या दिवशी सावडायला गेल्यावर मामांची राख नीरेत सोडली. रीतीप्रमाणे त्यांचं धोतर, टोपी, अंथरूण, पानाचा डबा, दातांची कवळी, जे जे अंगाला आणि तोंडाला लागलेलं ते सगळं नदीला दिलं. दाजी एकही वस्तू विसरले नाहीत. मी म्हटलंच, रीतीचा माणूस!

दहावा नीरेच्या घाटावर. मंडप, सतरंज्या, कीर्तनकार, तालुक्याची पुढारी मंडळी, आणि माईकवर मी. एका टेबलावर मामांचा फोटो, त्याला हार, आणि शेजारी सॅक्सोफोन, तोही हार घालून. उन्हात असा लखलखत होता की लोक आधी त्याला नमस्कार करत होते, मग मामांना. बँडची सगळी पोरं लाल कोटात एका रांगेत. साहेब पहिल्या ओळीत, मांडीवर रिकामी पेटी. पेटीवर अजूनही जुन्या हॉटेलांचे आणि बोटींचे कागद चिकटलेले.

तिकडे पिंड मांडला. आणि इकडे कावळा काही शिवेना.

ज्यांनी हा प्रसंग अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. उन्हं चढत असतात, भुका लागलेल्या असतात, कावळे समोरच्या बाभळीवर बसून टकामका बघत असतात आणि एकही खाली उतरत नाही. मग मेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली, याचा शोध सुरू होतो. एकेक जण पुढे होऊन पिंडाला हात जोडून वचन देतो.

"आबा, मामींना आमी सांभाळू. काळजी करू नगा!" दाजी म्हणाले. कावळे ढिम्म.

"मास्तर, बँड बंद पडू द्यायचो न्हाय!" ढोलवाला म्हणाला. एका कावळ्याने पंख साफ केले.

"मामा, ते घड्याळ मी मागणार नाही!" मी म्हणालो. लोक हसले, कावळे नाही.

पोकळी भरायची म्हणून मी माझ्या धंद्याला जागलो. माईकवर साहेबांना दोन शब्द बोलायला बोलावलं. साहेब उठले, फार सुंदर बोलले. हे वाद्य किती थोर माणसाचं, ते आता कसं सुरक्षित राहील, पिढ्यान् पिढ्या लोक काचेतून त्याचं दर्शन कसं घेतील, सगळं सांगितलं. बोलता बोलता त्यांनी हाराखालून सॅक्सोफोन प्रेमाने उचलला. आणि त्यांचा आवाज माईकवरच फाटला.

"माउथपीस कुठे आहे?"

 सॅक्सोफोनच्या मानेवर चोचच नव्हती.

"माउथपीस म्हणजे ती काळी तोंडाची?" दाजी शांतपणे म्हणाले. "ती सोडली की नदीत. आबांच्या तोंडची होती. उष्टं मागं ठेवत्यात व्हय?"

साहेब मटकन खुर्चीत बसले. त्या थोर वादकाने बोटीवर, हॉटेलात, सगळ्या जगात वाजवलेली ती चोच मामांच्या कवळीशेजारी नीरेच्या गाळात पडली होती. बरं, यात दाजींचं चुकलं असं म्हणायला घाटावर एकही माणूस तयार नव्हता! उलट दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली. जावई असावा तर असा.

आणि इथे माझी बोबडी वळली. कारण माझं लक्ष ताईकडे गेलं. बायकांच्या घोळक्यातून ती उठून उभी राहिली होती आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. तिच्या मनात जे आलं ते त्याच क्षणी माझ्याही डोक्यात लखकन आलं. मला माईकवर "बंधू आणि" एवढंच म्हणता आलं.

"आवो," ताई नवऱ्याला म्हणाली, आणि ते सगळ्या घाटाला ऐकू गेलं, "चोच गेली म्हंजी उष्टं गेलं ना?"

दाजी विचारात पडले. रीतीचा माणूस रीतीतच अडकतो. "व्हय... तसं गेलंच."

"मंग आता ते कुणाचं उष्टं हाय?"

"कुणाचंच न्हाय."

"मंग मी वाजवते."

हलकल्लोळ! शब्दाचं काय, म्हणे दाजी. बाईमाणूस घाटावर फुंकणार का, म्हणे एक पुढारी. मामी पुढे झाल्या. त्या पुढाऱ्याला म्हणाल्या, "बाबा, तू भाषण फुकलंस त्ये आमी ऐकलं न्हवं? आता गप बस."

पण फुंकायला चोच तर हवी! बँडमध्ये दुसरा सॅक्सोफोनवाला होता, पण त्याने आपली चोच कोटाच्या आतल्या खिशात अशी दाबली, जणू कोणी त्याची किडनी मागितली. तेव्हा साहेबांनी हळूच सदऱ्याच्या खिशातून एक डबी काढली. जुनं वाद्य पारखायला निघालेली माणसं स्वतःची चोच बरोबर बाळगतात म्हणे. डबीत चोच होती, पत्तीही होती.

"पण ही मी वापरलेली आहे," साहेब ओशाळून म्हणाले.

झालं! सगळ्या माना दाजींकडे वळल्या. आपल्या बायकोने, भर घाटावर, पुण्याच्या परक्या पुरुषाचं उष्टं तोंडाला लावायचं? दाजींच्या कानाची पाळी लाल झाली. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पिंडाकडे पाहिलं, वर कावळ्यांकडे पाहिलं.  ताई नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यात गोठ्यातल्या सगळ्या दुपारी होत्या.

"आण ती हिकडं," दाजी साहेबांना म्हणाले. साहेबांना अरे-तुरे झालं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी चोच घेतली, घाटाच्या पायऱ्या उतरले, धोतर वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून ती घासू लागले. अशी घासली, जशी दुधाची किटली घासतात. "वाहत्या पाण्याला इटाळ न्हाय," ते वर न बघता मोठ्याने म्हणाले. गुरुजींनी मान हलवली. शास्त्राला हरकत नव्हती.

ताईने पत्ती ओठात ओली केली. पदर खोचला. सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात अडकवला आणि पहिली फुंक मारली.

काय सांगू तो आवाज! म्हैस अडली तरी असं ओरडत नाही. बाभळीवरचे एकूण एक कावळे उडाले आणि नदीपलीकडे गेले.

"आटपलं!" गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले. "आता दर्भाचाच कावळा करावा लागणार."

बँडमधला एक जण फिसकन हसला. ताईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोच थोडी मागे घेतली, ओठ आवळले आणि पुन्हा फुंकलं. या वेळी सूर निघाला. जाडसर, किंचित घोगरा. मामा नवरी सासरी निघताना जे वाजवायचे ते तिने धरलं. हळू, अडखळत, पण धरलं. ढोलवाल्याने कधी काठी लावली ते कळलं नाही. आणि मग, अहो, मग तिने वाट सोडली! बँड सरळ चालला आणि ताई बांधावर चढली. मी इतकं ऐकलं होतं मामांना, पण ही वाट त्यांची नव्हती. हिच्यात काटेवाडीचा पाट होता, गाई होत्या, एक मोठा राग होता आणि त्याच्यावर खदखदून हसू होतं. माझ्या शेजारी साहेब उभे राहून एका पायाने ठेका धरत होते. गळ्यातला रेशमी रुमाल कधीचा हातात आला होता. मला वाटलं, ही चुकली, आता परत कशी येणार? आणि ती आली. बरोबर चौकात.

टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या! मी धंद्याचा माणूस, पण हे कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात गुरुजी ओरडले, "शिवला! शिवला!"

सगळे पिंडाकडे धावले. भात खरंच विस्कटलेला होता. आता मी आलोच आहे खरं बोलायच्या मूडमध्ये, म्हणून सांगतो: कावळा कुणीच पाहिला नाही. सगळे ताईकडे बघत होते. गुरुजी शपथेवर सांगतात की कावळाच होता. मला मंडपामागून शेपटी हलवत जाणारं एक कुत्रं दिसलं होतं. पण भुकेल्या माणसांनी असल्या चौकशा करू नयेत, आणि तशाही त्या कुणी केल्या नाहीत.

दाजी ओल्या धोतराने साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडलेले. "साहेब, शब्द दिलाय मी. तुमी म्हणाल तसं."

साहेबांनी ताईच्या हातातल्या वाद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शब्दाप्रमाणे काहीतरी नेतोच मी. ही पेटी द्या." आणि निघताना ताईला म्हणाले, "डबी ठेवून घ्या. ती चोच आता माझ्या उपयोगाची नाही, तुमचे यजमान मला पुन्हा धुवून देणार नाहीत."

मध्यंतरी मी पुण्याला त्यांच्या संग्रहालयात जाऊन आलो. थंड खोलीत, मधोमध, सगळ्यात मोठ्या काचेत ती रिकामी पेटी उघडी ठेवलेली आहे. आतल्या निळ्या मखमलीत सॅक्सोफोनच्या आकाराचा खड्डा. खाली पाटीवर त्या मुंबईच्या वादकाचं नाव, त्याखाली आमच्या मामांचं, त्याखाली ताईचं, आणि शेवटी एक ओळ: वाद्य कामावर गेले आहे.

खरंच गेलं आहे. काटेवाडीत ते टोमॅटोच्या क्रेटमध्ये, गोधडीत गुंडाळून असतं, आणि लग्नसराईत लाल कोटांच्या पुढे, पदर खोचून, ताई चालते. पहिल्या वेळी माईकवरून तिची ओळख करून देताना मी इतका भारावलो की नवरदेवाचं नावच विसरलो. साहेबही कधीकधी गाडी काढून वरातीला येतात आणि घोडीच्या बाजूने तालात चालतात. परवा लोणी भापकरला जेवणाच्या पंगतीत त्यांनी ताईजवळ हळूच विषय काढला.

"ताई, पेटी अजून रिकामीच आहे हो आमची."

ताई फडक्याने चोच पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"मी मेल्यावर बघा," ती म्हणाली.

साहेब ताईपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे आहेत. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि वाढप्याला हाक मारून आणखी एक जिलेबी घेतली.